क्रियापद गिळू नका

दादर पश्चिमेला एका शाळेचा हॉल आम्ही अभिनयाच्या वर्कशॉपसाठी पंधरा संध्याकाळी भाड्याने घेतला होता. साडेसहाला शिपाई बाकं भिंतीला सरकवून जातो आणि सातपासून माणसं येऊ लागतात. विमा कंपनीतला एक, औषधाच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा एक, कॉम्प्युटरवाल्या दोघी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी. चपला दाराशी, रिकामे डबे खिडकीत, फोन बंद करून टेबलावर. मग वर्कशॉप घेणारी ताई म्हणते, "झोपा." बावीस माणसं फरशीवर आडवी होतात. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, वर पंख्याची कुरकुर. औषधाच्या दुकानातला खरोखरच झोपतो. त्याला कोणी उठवत नाही.

माझं काम हजेरी, चहा आणि हॉलची किल्ली. नाटक मी फक्त पाहतो, तेही पुढच्या रांगांची तिकिटं परवडत नाहीत म्हणून बाल्कनीतून. त्यामुळे या लेखात माझं मत कुठे डोकावलं तर ते बाल्कनीतलं समजावं.

तिसऱ्या संध्याकाळी नाना आले. नाना ताईच्या वडिलांच्या ग्रुपमधले, मूळ सिंधुदुर्गातले. बँकेतून निवृत्त झाले आहेत, आणि नाटकात आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. ते प्रॉम्प्टर होते. दोन तास ते भिंतीकडेच्या लहान मुलांच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसले. सगळे गेल्यावर चहाचा कप हातात घेतला आणि सुरुवात केली.

नाना : बावीस माणसं झोपवलीस. पोटावर वह्या ठेवल्यास. वीस मिनिटं वह्या वर-खाली होत होत्या. मी आपला वाट बघतोय, नाटक कधी सुरू होतंय.

ताई : ते नाटक नव्हतंच नाना. नुसता श्वास होता.

नाना : श्वास घ्यायला फी भरायची? अगं, आमचं नाटक बसता बसता श्वास बसायचा. दोन-दोन महिने तालीम चालायची. पहिले पंधरा दिवस तर नुसतं वाचन. कोणी उभं राहायचं नाही, हात हलवायचा नाही. शब्द तोंडात रुळले की मग उभे राहा. श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगायचं.

ताई : आणि आता?

नाना : आता काय?

ताई : आता किती दिवस वाचन होतं, तुम्हीच सांगा. मागच्या वर्षी एका व्यावसायिक नाटकाच्या तालमीला मी महिनाभर बसले होते. त्या महिन्यात सगळे नट एका वेळी हॉलमध्ये आले असे दिवस चार. नायक मालिकेच्या शूटिंगला. त्याच्या जागी असिस्टंट उभा, हातात वही घेऊन सपाट वाचतोय. नायिका त्या वहीकडे बघून रडायची तालीम करतेय. तिने ऐकायचं कोणाचं? तालमीत नट घडतो हे मला मान्य आहे. पण तशी तालीम राहिली असती तर मी ही बाकं सरकवली नसती.

नाना : म्हणजे तालीम आजारी पडली म्हणून तू दवाखाना काढलास.

ताई : दवाखाना म्हणा हवं तर. औषध मात्र देत नाही.

नाना हसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. पटलं नाही की ते शंभर वर्षं मागे जातात, हे मला पुढच्या काही दिवसांत कळणार होतं.

नाना : बालगंधर्वांनी कुठलं वर्कशॉप केलं होतं? १९०५ साली पोरगेला मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला. समोर तालीममास्तर कोण, तर गोविंद बल्लाळ देवल. ज्याने 'शारदा' लिहिलं तो माणूस समोर बसून एकेक वाक्य घोटून घेतोय. पदर कसा घ्यायचा, मान कुठे वळवायची, सगळं. मुलं कंपनीच्या बिऱ्हाडातच जेवायची, तिथेच झोपायची. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकला, रात्री विंगेत उभं राहून मोठ्यांचं काम बघायचं. त्याला शिक्षण म्हणतात.

ताई : मग तेच तर वर्कशॉप. चोवीस तासांचं. देवल मास्तर स्वतः काम करून दाखवायचे आणि पोरांकडून करून घ्यायचे, मी दुसरं काय करते? फक्त माझ्याकडे माणसं अडीच तास असतात आणि बिऱ्हाडाचा खर्च मला झेपत नाही. आणि रागावू नका नाना, पण ती शाळा तुम्हीही पाहिलेली नाही. १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलपट सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत एकेक नाटक कंपनी बसली. तुमचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. तुम्ही शिकलात ते संध्याकाळी बँक सुटल्यावर, एखाद्या शाळेच्या वर्गात, अशीच बाकं सरकवून.

नाना थोडा वेळ गप्प झाले. हा घाव बरोबर बसला होता. मराठी नाटकवाल्यांना कंपनीच्या दिवसांचं फार प्रेम असतं, पण गेली सत्तर-ऐंशी वर्षं आपलं नाटक उभं आहे ते संध्याकाळींवर. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू आहे. त्यात उतरणारी माणसं दिवसभर फायली, वर्ग, यंत्रं सांभाळून सातला तालमीला येणारी. कामगार कल्याण केंद्रांतली नाटकं कामगारांचीच. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि १९६९ पर्यंत त्यांचंही नाटक असंच, दवाखाना सांभाळून. त्यांनी पुढे 'वाचिक अभिनय' नावाचं पुस्तक लिहिलं. ज्याने लोकांचे घसे आतून पाहिलेत त्याने आवाजावर लिहावं, याहून योग्य काय. म्हणजे दमलेलं शरीर हा आपल्या नटाचा कच्चा माल आहे. ताजंतवानं शरीर घेऊन तालमीला येणारा नट महाराष्ट्राने फारसा पाहिलेलाच नाही.

नाना : बरं, कंपनी सोड. आमच्या गावची दशावतारी मंडळी घे. त्यांच्याकडे संहिता नाही, दिग्दर्शक नाही, प्रॉम्प्टर तर नाहीच नाही. संध्याकाळी तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोण कोणाचं सोंग घेणार ते ठरतं, आणि रात्रभर संवाद जागच्या जागी. एक जण पुराणातला दाखला देतो, दुसरा त्याला कोंडीत पकडतो, तिसरा सोडवतो. यातल्या कोणी पोटावर वही ठेवली होती?

ताई : कोणी नाही. पण कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की ते किती रात्री उभे राहतात? आज या देवळात, उद्या त्या. समोरचा काय बोलेल हे माहीत नसताना उत्तर द्यायचं, हे एकेका हंगामात इतक्या वेळा होतं की कान तयार होतोच. माझ्या विमा कंपनीवाल्याला वर्षाला स्पर्धेचा एक प्रयोग. नशीब असेल तर अंतिम फेरीचा दुसरा. दोन प्रयोगांत कान कसा तयार होणार? त्या जत्रा मी कुठून आणू? म्हणून खेळ घेते.

नाना : ते बटणाचे खेळ.

बटणाचा खेळ मी पाहिला होता आणि खरं सांगायचं तर हसूही आलं होतं. दोघं समोरासमोर बसतात. एक म्हणतो, "तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय." दुसरा म्हणतो, "माझ्या शर्टाचं बटण तुटलंय." पहिला पुन्हा तेच. दहा मिनिटं हेच वाक्य. नवीन शब्द घालायचा नाही. समोरच्याच्या आवाजात, डोळ्यांत जे बदलेल त्याने आपलं वाक्य बदलू द्यायचं. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड माइझनर नावाच्या नाट्यशिक्षकाची ही पद्धत.

नाना : हे आमच्या घरी रोज होतं. तुझी काकू म्हणते, गॅस बंद केला नाहीत. मी म्हणतो, गॅस बंद केला नाही. आमचं दहा मिनिटांत आटपत नाही.

ताई : आणि काकूचा आवाज कितव्या खेपेला बदलतो ते तुम्हाला न बघता कळतं की नाही? तेच हवंय मला. स्टेजवर उभा असलेला नट समोरच्याचं ऐकत नसतो नाना. स्वतःच्या वाक्याची वाट बघत असतो. डोळे समोर, मन पुढच्या पानावर.

नाना : ते खरं. विंगेतून स्पष्ट दिसतं ते.

एवढं बोलून नानांनी विषय बदलला. बहुधा आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

पुढच्या संध्याकाळी ते पुन्हा आले, आणि त्या दिवशीची वादावादी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. झालं असं की ताईने सगळ्यांना हॉलच्या एका टोकाला उभं केलं. एकेकाने एक वाक्य बोलत समोरच्या भिंतीपर्यंत चालत जायचं आणि वाक्याचा शेवटचा शब्द उच्चारताना तळहात भिंतीला लागला पाहिजे. भिंत आधी आली तर बाद, वाक्य आधी संपलं तरी बाद. बी.एस्सी.वाल्या मुलीचं वाक्य होतं, "मी त्या रात्री तुला स्टेशनवर पाहिलं नाही." सहा वेळा ती गेली. सहाही वेळा 'पाहिलं'पर्यंत आवाज खणखणीत आणि 'नाही' कुठेतरी फरशीवर सांडलेलं. मी दाराशी होतो, मला सहाही वेळा वाटलं की तिने त्याला पाहिलं.

नाना : शेवट गिळतात. सगळे गिळतात. आमचे दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसून ओरडायचे, "शेवट!" बस, एवढंच. तुझ्यासारखी भिंत लागत नव्हती त्यांना.

ताई : ओरडल्यावर नट काय करायचा?

नाना : शेवटचा शब्द मोठ्याने म्हणायचा.

ताई : बरोब्बर. अख्खं वाक्य हळू आणि शेवटी एक भोंगा. कारण "शेवट" म्हणून सांगितलं, पण तो शेवट का पडतो ते कोणी सांगितलं नाही. श्वास तिथे संपलेला असतो. आणि आपल्या भाषेत नेमकं तिथेच सगळं असतं. क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी. इंग्रजीत नाही म्हणायचं असेल तर ते वाक्याच्या मध्यावरच कळून जातं, शेवटचा शब्द पडला तरी अर्थ वाचतो. मी सुरुवातीला इंग्रजी पुस्तकांतले व्यायाम जसेच्या तसे घेत होते. दोन वर्षांनी लक्षात आलं की मराठी नटाला श्वासाची शिल्लक त्यांच्याहून जास्त वेळ टिकवावी लागते. म्हणून वह्या पोटावर.

नाना : हे तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?

ताई : तुम्ही नाटकाची वाट बघत होतात.

इथे नानांनी कप खाली ठेवला. ते पुढे जे बोलले ते ताईला उद्देशून होतं की स्वतःला, कोण जाणे.

नाना : माइक आल्यापासून हे जास्त झालं. नटाला वाटतं, समोर पट्टीला माइक आहेत, पोचेल. आवाज पोचतो. शेवट पोचत नाही. यंत्र न उच्चारलेला शब्द मोठा कसा करणार?

माइकबद्दल दोघांचं एकमत झालं, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

खरं भांडण आठव्या दिवशी झालं. त्या दिवशी बाहेरून एक पाहुणे प्रशिक्षक आले होते. त्यांनी दिवे मंद करायला लावले, डोळे मिटायला लावले आणि प्रत्येकाला आपलं गेलेलं माणूस आठवायला सांगितलं. दहा मिनिटांत हॉलमधून हुंदके येऊ लागले. कॉम्प्युटरवाल्या दोघींपैकी एक तर आवरेचना. प्रशिक्षक समाधानाने मान हलवत होते. साडेनऊला शिपायाने किल्ल्या वाजवल्या, दिवे लागले आणि ती मुलगी तशीच, सुजल्या डोळ्यांनी, बॅग खांद्याला लावून स्टेशनकडे गेली.

नाना : हे काय होतं?

ताई : मला माहीत नव्हतं ते हे घेणार आहेत.

नाना : तुझ्या हॉलमध्ये झालं. अगो बाय, आतलं बाहेर काढलंत, ते परत ठेवणार कोण? आता ती डोंबिवलीपर्यंत उभी जाणार. तिच्या नवऱ्याने विचारलं काय झालं, तर काय सांगणार? अभिनय शिकले? आमच्यातला एक जण वडिलांचे दिवस झाले त्या आठवड्यात प्रयोगाला उभा राहिला. विनोदी काम होतं. हशे घेतले पठ्ठ्याने. त्याला कोणी म्हणालं नाही की तुझं दुःख वापर. दुःख त्याचं होतं, भूमिका नाटकाची होती. दोन्ही त्याने वेगवेगळ्या खुंटीला टांगलं.

ताई : मला यात तुमच्याशी भांडायचं नाहीये. ज्याच्या नावावर हे खपवतात त्या स्तानिस्लावस्कीनेही शेवटच्या वर्षांत यावरचा भर काढून घेतला होता. तो म्हणायला लागला, कृती करा. पत्र उघडा, दार लावा, पाणी प्या. भावना मागून येईल, नाही आली तर तिच्यामागे लागू नका. के. नारायण काळ्यांनी त्याचं पुस्तक 'अभिनय साधना' म्हणून मराठीत आणून इतकी वर्षं झाली, पण लोक अजून पहिलीच पानं घेऊन शिबिरं काढतात. कारण रडणं दिसतं. श्वास दिसत नाही. फी भरलेल्या माणसाला काहीतरी दिसलेलं हवं असतं.

नाना : म्हणजे दोष फी भरणाऱ्याचा?

ताई : नाही. माझा. पाहुण्यांना काय घेणार आहात ते मी विचारलं नाही.

त्या रात्री ताईने त्या मुलीला फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिने स्वतःहून भिंतीचा व्यायाम मागितला.

नाना मात्र एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांची खरी तक्रार वेगळी होती, आणि ती मला आजही बिनतोड वाटते.

नाना : तुझी मुलं वर्कशॉपमध्ये फार छान दिसतात. मोकळी, धीट. पण ते धीटपण प्रेक्षकासमोरचं नाही. इथे चुकलं तर टाळ्या वाजवता तुम्ही. मी सत्तरच्या दशकात छबिलदासच्या हॉलमध्ये आविष्कारचे प्रयोग बघायला जायचो. शाळेचाच हॉल तो. नट आणि मी यात दोन-चार हातांचं अंतर. नटाच्या कपाळावरचा घाम दिसायचा. एखाद्याचं चुकलं तर अख्ख्या हॉलला कळायचं आणि कोणी टाळी वाजवायचं नाही. त्या गप्प बसण्यात नट जे शिकतो ते तुझ्या टाळ्यांत कसं शिकेल?

ताई : नाही शिकणार. इथे चुकायला जागा मिळते, एवढंच. तिथे चुकायच्या आधी एकदा इथे चुकून घ्यावं.

नाना : आणि कायम इथेच चुकत राहणारे? एक वर्कशॉप झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. प्रमाणपत्रांची फाइल जाड होते आणि नाटक एकही नाही. असे मला चार जण माहीत आहेत.

ताई : मला जास्त माहीत आहेत.

यापुढे ती काही बोलली नाही. मला वाटतं, तिच्याकडे उत्तर नव्हतं. बावीसपैकी आठ-नऊ जणांना मालिकेत जायचं होतं, त्यातल्या दोघांनी तर मला हजेरीच्या वहीवर सही करतानाच ऑडिशन कुठे असतात ते विचारलं होतं. त्यांना शिकवण्याने रंगभूमीचं काय भलं होणार, हा प्रश्न ताईला पडत नसेल असं नाही. पण सात वाजले की ती "झोपा" म्हणते. आलेल्या माणसाला परत पाठवणं तिच्या स्वभावात नाही. नानांच्या स्वभावात ते आहे, आणि रंगभूमीला दोन्ही स्वभाव लागत असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बाराव्या दिवशी ताईने नानांना एक प्रश्न विचारला. इतके दिवस तो मनात ठेवला असावा.

ताई : नाना, नट पॉझ घेतोय की वाक्य विसरलाय, हे तुम्हाला विंगेतून कसं कळायचं? तोंड तर दिसत नाही. पाठ दिसते, फार तर खांदा.

नाना : श्वासावरून.

ताई : म्हणजे?

नाना : पॉझ घेणाऱ्याचा श्वास चालू असतो. खांदा हलतो, बरगडी हलते. विसरलेला माणूस श्वास धरून ठेवतो. पाठ दगडासारखी होते. ती तशी झाली की लगेच पहिला शब्द द्यायचा. पहिलाच. मधला दिलास तर गडबडतो, शेवटचा दिलास तर थेट पुढच्या वाक्यावर उडी मारतो. आणि पॉझ असताना शब्द दिलास तर नट तुला जन्मभर माफ करत नाही. मी सुरुवातीला एकदा दिला होता. भरलेल्या नाट्यगृहात ऐकू गेला. त्याने पडदा पडल्यावर माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ताई : हे तुम्हाला कोणी शिकवलं?

नाना : कोण शिकवणार? बघून बघून कळलं.

ताई : किती वर्षांनी?

नाना : पाच-सहा तर गेलीच.

ताईने माझ्या हातातून हजेरीची वही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि लिहून घेऊ लागली. नाना तिच्याकडे बघत राहिले.

नाना : हे लिहून काय होणार?

ताई : पाच-सहाची दोन होतात का बघते.

पंधराव्या संध्याकाळी मुलांनी छोटे छोटे प्रवेश केले. प्रेक्षक म्हणून घरची माणसं, शाळेचा शिपाई आणि त्याच बाकावर नाना. ताईने आधीच सांगून ठेवलं होतं की टाळ्या फक्त शेवटी. औषधाच्या दुकानातल्या मुलाचा प्रवेश चौथा. बाप-लेकाचं बोलणं. त्याने आम्हाला पाठ करून खिडकीकडे पाहत एक लांब वाक्य म्हटलं, क्रियापदासकट, आणि मग गप्प झाला. पुढचं वाक्य त्याचंच होतं. हॉलमध्ये पंख्याची कुरकुर. त्याची आई पुढे वाकली. माझ्या शेजारी नाना होते, त्यांचे ओठ हलले. वाक्य त्यांना पाठ होतं, इतक्या दिवसांत त्यांनी सगळ्यांचीच पाठ केली असणार. "बोल मरे," ते पुटपुटले, पण इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

ताईने पलीकडच्या भिंतीपासून नानांकडे पाहिलं. नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर त्या मुलाच्या पाठीवर होती, शर्टाच्या शिवणीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली. मीही तिथे बघू लागलो. मला काहीच दिसेना.

नानांनी शब्द दिला नाही.